इमान बघायला या

मागच्या वर्षी औरंगाबादच्या काही मंडळींनी मला बोलावून घेतलं. दर रविवारी सकाळी ही मंडळी शहराबाहेरच्या मैदानात रिमोटवरची विमानं उडवतात. बहुतेक जण नोकरीतून मोकळे झालेले, तब्येतीनं बरे, घरचं ठीक असलेले. हिंगोलीकडचा एक म्हातारा मास्तर सत्तरच्या दशकात बांबू आणि पतंगाच्या कागदाची विमानं करून उडवायचा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी मला चहा पाजला, शाल दिली आणि म्हणाले, "सर, त्या काळातल्या तुमच्या गोड आठवणी लिहून द्या ना."

गोड. लिहायला बसलो आणि या शब्दावरच पेन अडलं. मग ठरवलं, जे झालं ते लिहायचं. त्यांना छापायचं तर छापतील, नाहीतर ठेवतील बाजूला.

गोड काहीच नव्हतं असं मात्र नाही. तेवढं आधी सांगून टाकतो.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. हिंगोलीवरून तेव्हा छोटी लाईन जायची. त्या रुळांवर घण मारून त्यांनी मला औरंगाबादच्या कॉलेजात घातलं. आमच्या बौद्ध वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथं छात्रसेनेची हवाई शाखा होती. मी नाव घातलं ते परेडनंतर नाश्ता मिळायचा म्हणून. पण तिथं हवाई दलातून निवृत्त झालेले एक दक्षिणी शिक्षक होते. ते लहान विमानं बनवायला शिकवायचे. त्यांची हिंदी मोडकीतोडकी, आणि तिच्यात एकच आज्ञा. "पतला काटो. और पतला." पातळ लाकूड, पातळ कागद, पातळ सरस. विमानाचा शत्रू वजन, एवढं त्यांनी माझ्या डोक्यात पक्कं बसवलं. मी कॉलेज सोडताना त्यांनी एक जुनं इंजिन माझ्या हातावर ठेवलं. मुठीत मावणारं, लिंबापेक्षा थोडं मोठं. म्हणाले, "ले जाओ. यहाँ अलमारी में पड़ा पड़ा मर जाएगा."

घरी ते वडिलांना दाखवलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. "इमानाचं हाय? अन् ह्याच्यात बसंल कोण?"

"कोणीच नाही."

"मंग उडवायचं काहून?"



मला शिक्षकाची नोकरी लागली ती पुसेगावच्या पुढच्या एका गावात. त्याच शाळेवर माझ्याच वयाचा आणखी एक मास्तर होता, जवळच्याच तांड्यावरचा. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर हिंडलेले. नंतरच्या पिढ्या जमीन कसायला लागल्या, आणि हा तांड्यातला पहिला पगारदार. आम्ही दोघं शाळेमागच्या एका खोलीत राहायचो. एकदा माझ्या ट्रंकेत त्याला ते इंजिन दिसलं. त्यानं पंखा बोटानं फिरवला, दट्ट्या आत-बाहेर होताना पाहिला, आणि त्यानंतर मला काही निवांतपणा मिळाला नाही.

बाल्सा नावाचं जे हलकं लाकूड विमानाला लागतं ते हिंगोलीत कुठून मिळणार? आम्ही पांगाऱ्याचं लाकूड वाळवून त्याच्या फळ्या तासल्या. पंखाच्या कडेला बांबूच्या कामट्या, वर पतंगाचा कागद. कागद ताणून बसावा म्हणून त्यावर एक पातळ लेप द्यावा लागतो. तो आम्ही घरीच केला. जत्रेतल्या तंबू टॉकीजवाल्याकडून तुटलेल्या रिळांचे तुकडे आणायचे, गरम पाण्यात घासून त्यांवरची चित्रं काढून टाकायची, आणि उरलेली पारदर्शक पट्टी अॅसिटोनमधे विरघळवायची. इंजिनाला लागायचं राकेल, एरंडेल आणि ईथर. पहिल्या दोन वस्तू घरोघरी. ईथर मात्र आम्ही एका सरकारी डॉक्टरकडून घ्यायचो. तो फिरतीवर आमच्या बाजूच्या गावांना यायचा. त्यालाही या प्रकाराची गंमत वाटायची. "फुंकून-बिंकून टाकाल हो शाळा," असं म्हणत बाटलीत थोडं ओतून द्यायचा.

हे विमान मोकळं उडत नाही. त्याच्या एका पंखातून दोन बारीक तारा निघतात आणि उडवणाऱ्याच्या हातातल्या मुठीला येऊन मिळतात. उडवणारा मधोमध उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. मूठ मागे झुकवली की विमान वर, पुढे झुकवली की खाली. त्याच्याबरोबर आपणही गरगर फिरायचं आणि नजर विमानावरून हलवायची नाही. टाकीतलं तेल संपेपर्यंत सुटका नाही. मधेच मूठ सोडली तर ते तारांसकट सुटतं आणि समोर जो असेल त्याच्यावर जातं.

पहिलं विमान नाक खुपसून पडलं. दुसरं उडालं, पण माझ्या मित्राला अशी भोवळ आली की तो आडवा झाला. पडल्या पडल्याही त्यानं मूठ धरून ठेवली होती आणि आकाशाकडे बघून खदाखदा हसत होता. मग त्यातूनच सुधारत सुधारत एक चांगलं विमान उभं राहिलं. पिवळ्या कागदाचं. तांड्याशेजारच्या मुरमाड माळावर ते पहिल्यांदा नीट उडालं तेव्हा रानातली माणसं कामं टाकून धावत आली. इंजिनाचा आवाज फार मोठा, कानात मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा.

मित्राची आई पण आली. तिला तो 'याडी' म्हणायचा, म्हणून मीही याडीच म्हणायचो. ती डोक्यावर हात घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये तारंला बांधलंय काहून?"

"सोडलं तर जाईल की याडी," मित्र म्हणाला.

"जाऊ दे की. जायासाठीच केलं न?"

सगळ्यात जास्त नाद लागला तो मित्राच्या चुलत भावाला. तो शेती करायचा. अंगानं काटक, स्वभावानं थट्टेखोर. विमान सुटताना कुणीतरी ते मागून धरून ठेवावं लागतं. इंजिन पूर्ण जोरात आलं की एका क्षणी, न ढकलता, नुसतं सोडायचं. आम्ही मास्तर लोक ते ढकलून द्यायचो. त्याच्या हातून ते पाखरासारखं सुटायचं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको लाजत माळाच्या कडेला उभी राहायची, आणि हा तिच्याकडे बघत बघत विमान धरायचा म्हणून आम्ही त्याला रागवायचो.

गोड आठवणी इथं संपल्या.

आणीबाणी लागली. पुढच्या वर्षी नसबंदीची मोहीम जोरात आली आणि आम्हा मास्तरांना तोंडी हुकूम आले की केसेस आणा. केस म्हणजे माणूस. शाळेत मुलं किती येतात हे कुणी विचारेना, केसेस किती हेच विचारत. न आणणाऱ्याचा पगार अडकायचा. आमचा अडकलाच. गावोगावची माणसं जीपचा आवाज ऐकला की रानात पळायची. तुरीत, ज्वारीत दिवस दिवस बसून राहायची. तांड्यावर तर कुणी सरकारी माणूस आला की घरात फक्त म्हाताऱ्या सापडायच्या.

आम्ही दोघांनी एकही माणूस नेला नाही. त्याबद्दल आम्हाला कुणी शाबासकी द्यावी असं नाही. पण पुढचं कळायला हे माहीत असायला पाहिजे.

तालुक्याच्या एका साहेबाला आमच्या विमानाची खबर त्या ईथरवाल्या डॉक्टरकडून लागली. साहेब एका रविवारी जीप घेऊन माळावर हजर. जीप दिसताच माणसं पांगली. साहेबानं विमान उडताना पाहिलं, लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या आणि आम्हाला जवळ बोलावलं. भाषा गोड. पुणेरी.

"अहो गुरुजी, एवढी कला घेऊन तुम्ही इथे दडून बसलात? आपण शेतकरी मेळावा घेतोय. बियाणं, खतं, फवारणीची माहिती. पण लोक येतच नाहीत हो. घाबरतात. तुमचं विमान ठेवू या. विमान बघायला कोण येणार नाही?"

मित्रानं सरळ विचारलं, "साहेब, त्यात आपरेशनचं काही न्हाई ना?"

साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय बोलता गुरुजी! शेतीचा मेळावा आहे. त्याचा याच्याशी काय संबंध? माझा शब्द आहे तुम्हाला."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. पापणी हलली नाही. पुढं आयुष्यात मला खोटं बोलणारी माणसं पुष्कळ भेटली, पण ती बोलताना कुठंतरी दुसरीकडे बघतात. हा माणूस आमच्या डोळ्यांत बघून बोलला. म्हणूनच आम्ही फसलो. आणि म्हणूनच "तुम्ही शिकलेले असून फसलात कसे" असं मला कुणी विचारलं की मी त्याला आजही चांगलं सुनावतो. फसवणाऱ्याला सोडून फसलेल्याला जाब विचारायची ही कुठली रीत?

मित्र तांड्यावर घरोघर गेला. "इमान बघायला या. शेतीचा मेळावा हाय, बाकी काही न्हाई. साहेबानं शब्द दिलाय." त्याच्या शब्दावर माणसं यायला तयार झाली. साहेबाला हेच पाहिजे होतं. त्याच्या स्वतःच्या शब्दाला तांड्यावर कुणी विचारलं नसतं.

मेळावा एका मोठ्या गावाबाहेरच्या पटांगणावर होता. थंडीचे दिवस, स्वच्छ ऊन. मांडव, लाऊडस्पीकर, बियाण्याची चार पोती, फवारणीचा पंप. सगळं खरं वाटावं असं. आम्ही फक्कीनं मोठा गोल आखला आणि माणसांना गोलाच्या बाहेर बसवलं. आसपासच्या गावांतून, वाड्यांवरून, तांड्यावरून गडी माणसं आली होती. बाया थोड्या मागे. मित्र गोलाच्या पलीकडच्या बाजूला लोक आत येऊ नयेत म्हणून उभा. मी मधोमध मूठ धरून. त्याच्या भावानं विमान धरलं, इंजिन सुरू केलं, आवाज चढला, आणि त्यानं ते अलगद सोडलं.

विमान वर गेलं तसा लोकांनी एकच गलका केला. मीही खुशीत होतो. एवढ्या माणसांसमोर कधी उडवलं नव्हतं. मी एक मोठी गिरकी घेऊन विमान डोक्यावरून आणलं आणि परत सरळ केलं.

मग मला काहीतरी दिसलं. मी सांगितलं की उडवणाऱ्याला फक्त विमानाकडे बघता येतं. पण विमानाच्या मागे जग असतंच. विमान मांडवावरून गेलं तेव्हा मांडवामागे एक ट्रक येऊन थांबलेला दिसला. पुढच्या फेरीला दोन ट्रक दिसले, आणि खाकी कपडे. त्याच्या पुढच्या फेरीला गोलाच्या कडेची माणसं उठून उभी राहिली होती. कुणीतरी धावत होतं. मला ऐकू काहीच येत नव्हतं. इंजिनाचा तो आवाज. साहेबाला तोच आवाज पाहिजे होता, हे मला तिथं, त्या गोलात कळलं. लोकांच्या माना वर, कान भरलेले, आणि मागून ट्रक.

पुन्हा एक फेरी. एका म्हाताऱ्याला दोघे जण बखोटीला धरून नेत होते. बाया मातीत लोळत होत्या. मित्र गोल ओलांडून धावत सुटला. पुन्हा फेरी. त्याचा भाऊ, एरंडेलानं माखलेले हात झटकत, काहीतरी समजावून सांगत होता. पुढच्या फेरीला तो उभा होता ती जागा रिकामी होती.

आणि मी मूठ धरून गरगर फिरत होतो. सोडावी तर विमान माणसांत घुसणार. टाकी तर मीच काठोकाठ भरलेली. शेवटी मूठ पुढं दाबली आणि विमान सरळ जमिनीत घातलं. पिवळ्या कागदाच्या चिंध्या उडाल्या. आवाज बंद झाला आणि मग माणसांचा आवाज ऐकू आला. तो मी लिहिणार नाही. लिहून येत नाही तो.

साहेब मांडवात खुर्चीवर बसला होता. मी त्याच्यापाशी गेलो. "साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"मोहीम राष्ट्राची आहे गुरुजी," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं योगदान वर कळवतो मी."

मित्र आपण होऊन ट्रकवर चढला होता. मी सायकलनं मागं गेलो. शिबिर होतं एका शाळेत. मुलं बसतात तीच बाकं एकाला एक लावून त्यांवर माणसं निजवली होती. मी पोचलो तेव्हा मित्राचा ओठ फुटला होता आणि पोलिसानं त्याला भिंतीशी धरून ठेवलं होतं. तो एकच वाक्य ओरडत होता. "त्याचं लगीन होऊन साल न्हाई झालं! त्याला लेकरू न्हाई!"

डॉक्टर तोच होता. आम्हाला ईथर देणारा. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "मला सांगतात ते मी करतो," एवढं बोलला. "त्यानं अंगठा दिलाय." जो चौथीपर्यंत शाळा शिकला होता, ज्याला सही येत होती, त्यानं म्हणे अंगठा दिला.

भाऊ व्हरांड्यात बसला होता. अंगावर सरकारी घोंगडी, शेजारी तुपाचा डबा. तूप द्यायचे तेव्हा, बक्षीस म्हणून. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "गुरुजी, इमान मोडलं का?"

त्याला अजून पुरतं कळलं नव्हतं की काय केलंय. किंवा कळलं होतं आणि मला काही विचारायचं म्हणून त्यानं ते विचारलं. मी पुढं कधी त्याला त्याबद्दल विचारलं नाही.

काही दिवसांनी शिक्षकांची सभा झाली. साहेबानं आम्हा दोघांचं नाव घेऊन कौतुक केलं आणि हार घालायला पुढं बोलावलं. माझ्या गळ्यात हार पडला तो मी काढून टेबलावर ठेवला. मित्र जागचा हललाच नाही. साहेब हसत म्हणाला, "लाजू नका. पुढचा कार्यक्रम वारंगा फाट्याच्या बाजारात घेऊ. तिथे चांगली गर्दी असते."

मित्र मागून बोलला, "इमान मोडलं."

"मग दुसरं करा."

"न्हाई करणार."

"मास्तर, नोकरी करायची आहे ना?"

"नोकरी तुमची हाय साहेब. हात माझे हायेत."

सभेत सत्तर-ऐंशी मास्तर असतील. एकानंही मान वर केली नाही. बाहेर आल्यावर दोघातिघांनी हळूच पाठीवर थाप मारली. ती थापही मला तेव्हा नको झाली होती.

त्यानंतर भावाची बायको शाळेत आली. लाजून माळाच्या कडेला उभी राहणारी ती पोरगी. काखेत तो तुपाचा डबा. तिनं मुलांसमोर, वर्गाच्या दारात मला विचारलं, "साहेबाचं घर कुठं हाय? मला दाखवा."

"कशाला?"

"दाखवता का न्हाई?"

आम्ही तिघं एसटीनं हिंगोलीला आलो. साहेबाच्या बंगल्याच्या फाटकावर शिपाई होता. साहेब घरात असून बाहेर आला नाही. खिडकीचा पडदा हललेला मी पाहिला. ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं डब्याचं झाकण काढलं आणि सगळं तूप फाटकाच्या आत, पायऱ्यांपर्यंत फेकलं. रिकामा डबा भिरकावला तो दारावर जाऊन आदळला. "तुमचं तूप तुमीच खा!" ती ओरडली. "तुमच्या लेकरायला चारा!" शिपाई धावला तर मित्र मधे पडला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मला त्या दिवसांतलं काही अभिमानानं सांगावंसं वाटत असेल तर ते तिचं हे काम. आमचं नाही.

आमच्या बदल्या झाल्या. मला एका टोकाला टाकलं, त्याला दुसऱ्या. याडी माझ्याशी बोलायची बंद झाली. तांड्यावरची माणसं मित्राला तोंडावर काही म्हणत नव्हती, पण तो पाणी प्यायला गेला की उठून जात. त्याच्याच शब्दावर ते गेले होते ना. साहेबाचा राग ते साहेबावर काढू शकत नव्हते, म्हणून तो माझ्या मित्रावर निघाला. हेही त्या साहेबानंच केलं, असं मी धरतो.

मग निवडणूक झाली, सरकार पडलं. आम्हाला वाटलं, आता विचारणा होईल. एक अधिकारी आलाही. आम्ही त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि गेला. त्याचं पुढं काय झालं ते कळलं नाही. साहेब मात्र बढतीवर गेला.

नस पुन्हा जोडता येते असं कुणीतरी सांगितलं म्हणून मित्रानं भावाला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पुन्हा कापाकापी. जमलं नाही. माहेरच्यांनी बायकोला परत न्यायला माणसं पाठवली होती. तिनं त्यांना दारातूनच वाटेला लावलं. पुढं त्या नवराबायकोनं तिच्या दिराची एक मुलगी वाढवली.

मित्रानं विमान सोडलं. मीही. इंजिन चिंधीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी टाकलं. आम्ही उभ्या उभ्या भेटायचो, लग्नात, मयतीत, आणि त्या विषयावर बोलायचो नाही. असं बरीच वर्षं चाललं. मग एकदा त्या भावानंच आम्हाला दोघांना धरलं. हळदीचा हंगाम होता, तो हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात आला होता आणि आम्ही दोघं तिथं त्याला भेटलो. तो कशावरून तरी भडकला होता.

"तुमी इमान उडवून नाही राहिले, ते काहून?"

मित्र हळदीच्या पोत्याची दोरी आवळायला लागला.

"माझ्यासाठी? माझ्यावर उपकार करून राहिले का तुमी? जो तो माझ्याकडं बघितलं की तोंड पाडतो. माणसं माझ्यासमोर पोरांचं नाव घेत न्हाईत. मी मेलो न्हाई, भावा! माझं जे नेलं ते साहेबानं नेलं. तुमी काहून सोडलं? ते पण त्यालाच देऊन टाकलं का?"

बाजारातली माणसं बघायला लागली. आम्ही दोन म्हातारे होत आलेले मास्तर त्याच्यासमोर उभे. त्यानं आम्हाला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आम्ही पुन्हा विमान केलं. डोळे कमी झाले होते, हात कापत होते, तरी केलं. माळावर ते त्यानं स्वतः उडवलं. फार वाईट उडवलं. दोनदा आपटलं, आणि आपटलं की तो आम्हालाच शिव्या द्यायचा. त्याची बायको कडेला बसून पदर तोंडाला लावून हसत होती. याडी तेव्हा हयात नव्हती.

त्या साहेबाची आणि माझी एकदा गाठ पडली. हिंगोलीच्या एसटी स्टँडवर. म्हातारा झाला होता, हातात काठी, बरोबर नातू. त्यानंच मला ओळखलं. "अहो, तुम्ही ते विमानवाले गुरुजी ना? काय दिवस होते ते! काय गर्दी जमायची!"

दिवस! मी त्याला म्हणालो, "तुम्ही आम्हाला खोटा शब्द दिला होता."

"कसला शब्द?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. ते मला जास्त लागलं. मी त्याला आठवण करून दिली. मोठ्यानं, पूर्ण, स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. कुठलं पटांगण, किती ट्रक, कोणाला बाकावर निजवलं. त्याचा नातू त्याच्याकडे बघायला लागला. आजूबाजूची माणसं माझ्या हाताला धरून म्हणायला लागली, "जाऊ द्या गुरुजी, म्हातारं माणूस हाय." मी विचारलं, "मी काय पोरगं आहे?" मी सगळं बोलून झाल्यावरच थांबलो. तो काठी टेकत गाडीत जाऊन बसला. माफी मागितली नाही. मला वाटतं, तो एवढंच म्हणाला, "वरून आदेश होते."

मित्राचा भाऊ गेल्या उन्हाळ्यात गेला. तेराव्याला तांड्यावर माणसं जमली होती. एक पुढारी भाषणाला उभा राहिला. चांगला माणूस, कष्टाळू, हसतमुख, असं सगळं बरोबर बोलला. आणि मग गळा काढून म्हणाला, "देवानं त्याच्या पदरात मूल दिलं नाही, एवढंच एक दुःख."

मी उभा राहिलो. माझे गुडघे आता नीट उभं राहू देत नाहीत. मित्रानं माझी बाही धरली, खाली ओढायला असं मला वाटलं, पण त्यानं माझा हात धरून मला सरळ उभं केलं.

"देवाचं नाव घेऊ नका," मी म्हणालो. "देवाचा ह्याच्यात काही संबंध नाही. माणसांनी धरून नेलं त्याला, भर दिवसा, उन्हात. कसं नेलं ते मी सांगतो. बसा."

पुढारी बसला. मी सांगितलं. तांड्यावरच्या जुन्या माणसांना ते माहीत होतं, पण असं चारचौघांत कुणी कधी बोललं नव्हतं. नव्या पोरांना काहीच माहीत नव्हतं. माझं झाल्यावर त्याची बायको पुढच्या रांगेतून उठली. आता केस सगळे पांढरे झालेत तिचे. ती पुढाऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "आता तुमचं राहिलेलं भाषण करा. पण बराबर करा."